जुनी दुनळी घ्यावी की सोडावी? आधी नळी मोजा

ब्रिटिश अमदानीतली बारा बोअरची दुनळी विकायला निघाली की बघायला येणारा प्रत्येक जण आधी दस्त्याचं अक्रोडी लाकूड न्याहाळतो, कोरीवकामावरून बोट फिरवतो आणि ठरलेला सल्ला देतो: "वेब्ली स्कॉट आहे, सोडू नका." वेब्ली स्कॉट ही बर्मिंगहॅमची नामांकित बंदूक कंपनी. हा सल्ला ऐकून माझे कान किटले आहेत. दस्ता नवा बसवता येतो, स्प्रिंगा करून मिळतात, घोडे आणि चाप दुरुस्त होतात. नळी गेली की बंदूक गेली. नाव कितीही मोठं असलं तरी यात फरक पडत नाही.

१. कागद

परवान्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून बघा. नळी, बॉडी (नळ्या जिला जोडतात तो चाप-घोड्यांचा लोखंडी भाग) आणि पुढच्या लाकडाचं लोखंड या तिन्हींवर एकच नंबर हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा आपल्या परवान्यावर जागा आहे ना हेही आधीच पाहा. इथे काही जुळत नसेल तर पुढचं काहीच बघू नका.

२. नळी सुटी करा

पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा. नळ्यांखालच्या लोखंडी हुकात बोट घालून नळ्या हवेत लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने टकटक करा. घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला पाहिजे. भद्द किंवा झणझणता आवाज आला तर दोन नळ्यांमधली रिब, म्हणजे त्यांना जोडणारी पट्टी, कुठेतरी सुटली आहे. रिब पुन्हा बसवता येते, पण ते काम महाग आहे आणि सुटलेल्या रिबखाली किती गंज चढलाय हे बाहेरून कळत नाही.

३. नळीच्या आत

इथेच माणसं फसतात. मलाही हा टप्पा उमगायला बराच काळ लागला, कारण डोळ्यांना जे चांगलं दिसतं तेच इथे अनेकदा वाईट असतं.

विकणारा नळीत भरपूर तेल सोडून ठेवतो. तेलाखाली खड्डे दिसत नाहीत. आधी पितळी ब्रश फिरवा, कोरड्या फडक्याने नळी पुसा आणि मगच बघा. नळी दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीकडे रोखून धरा, म्हणजे चौकटीची सावली आत एक सरळ रेघ होऊन पडते. नळी हळूहळू फिरवा. रेघ एका ठिकाणी मोडली तर तिथे पोचा आहे. पोचा ही किरकोळ बाब आहे, जाणता कारागीर तो आतून उचलतो. पण सावलीचं पूर्ण कडं दिसलं तर नळी तिथे फुगली आहे, म्हणजे धातू ताणून पातळ झालाय. बाहेरून बोट फिरवलंत की तो फुगवटा हाताला लागतो. अशी नळी मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका, ती "ठोकून बसवून देतो" म्हणणारा कोणीही भेटो.

आता खड्डे. आपल्याकडच्या जुन्या बंदुका कातडी म्यानात किंवा कॅनव्हासच्या खोळीत पावसाळेच्या पावसाळे पडून असतात. मालक वारला की दुकानात जमा होतात, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेत जी बाजू खाली असते तिला गंज धरतो. नळीच्या तोंडाजवळचे बारीक खड्डे एक वेळ चालतील. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या, पुढच्या हातभरातले खोल खड्डे चालणार नाहीत, कारण काडतुसाचा सगळा जोर तिथेच असतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. "खड्डे असले तर आतून घासून घ्या, आरशासारखी होईल," हा सर्वांत घातक सल्ला आहे. घासणं म्हणजे नळीची भिंत पातळ करणं. खड्ड्याच्या तळाशी उरलेली भिंत काही जाड होत नाही, भोवतीचा धातू मात्र कमी होतो. शंभर वर्षांच्या नळीत आरसा दिसला तर माझा संशय वाढतो, कमी होत नाही. जाड भिंतीची, थोडी डागाळलेली नळी ही घासून चकचकीत केलेल्या पातळ नळीपेक्षा कधीही चांगली.

म्हणून मोजायचं. इंग्लिश नळीच्या पोटावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्यांची दाब-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात. १९५४ आधीच्या शिक्क्यांत नुसता १२ असेल तर मूळ बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ०.७२९ इंच, १२ खाली १ असेल तर ०.७४०, आणि १३ खाली १ असेल तर ०.७१९. नळीच्या बुडापासून नऊ इंच आत बोअर गेजने मोजा. १२ शिक्क्याच्या नळीचं माप आज ०.७४४ आलं, तर तिचा बोअर पुढच्या मापात गेला आहे आणि तो शिक्का आता तिला लागू नाही. मग भिंतीची जाडी मोजा. कुठल्याही जागी ती २० हजारांश इंचाच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर व्यवहार सोडा. व्हर्नियरने फक्त तोंडाची जाडी कळते. नळीच्या मधल्या भागासाठी जाडी मोजण्याचं वेगळं गेज लागतं. ते ज्या कारागिराकडे नाही त्याच्या मताला किंमत देऊ नका.

शिक्के वाचताना आणखी एक. नंतरच्या शिक्क्यांत 'नायट्रो प्रूफ', म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, असे शब्द दिसू लागतात. ते नसतील आणि नळीवर पिळाची नक्षी असेल, तर ती डमास्कस नळी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, जुन्या काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. खडकीच्या कारखान्यातलं आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. नक्षी काळ्या पॉलिशखाली झाकलेली असते, म्हणून पुढच्या लाकडाखाली झाकली गेलेली जागा नीट बघा. बेल्जियन बंदुकांवर लंबगोलात 'ईएलजी' हा तिथल्या प्रूफ हाऊसचा शिक्का असतो. तेवढ्यावर नायट्रो समजू नका.

चेंबरची लांबीही मोजा. जुन्या इंग्लिश बंदुका बहुधा अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरच्या असतात. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, आणि धोका नेमका तोच आहे: उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. कोणी चेंबर लांब करून घेतलं असेल आणि नवा शिक्का नसेल, तर ती घासलेल्या नळीइतकीच संशयास्पद समजा.

४. सांधा

पुढचं लाकूड काढलेलंच ठेवा, नळ्या बॉडीला लावून बंद करा आणि दिव्यासमोर धरा. नळीचं बूड आणि बॉडी यांच्यामधून उजेड दिसला किंवा हलवल्यावर कटकट झाली, तर सांधा सैल आहे. लाकूड लावल्यावर त्याची स्प्रिंग हा सैलपणा झाकते, म्हणून लाकूड लावून दाखवणाऱ्यावर विसंबू नका. नवी बिजागर-पिन घालून हे नीट होतं. नळ्यांखालच्या हुकावर पंच मारून किंवा वेल्डिंगचा थेंब टाकून केलेली दुरुस्ती दिसली तर किंमत निम्मी धरा.

५. बाकीचं

डमी काडतुसं घालून दोन्ही चाप आणि सेफ्टी तपासा. दस्त्याच्या मुठीला तडा आहे का बघा, तेल मुरलेलं लाकूड उपचाराने सुधारतं.

६. व्यवहार

नळी पास झाली तरच हिशेब करा. तशाच मेकच्या धडधाकट बंदुकीला तुमच्या भागात काय भाव आहे तो धरा, त्यातून दुरुस्तीचा अंदाज दुप्पट करून वजा करा. उरलेल्या आकड्याच्या वर एक रुपयाही जाऊ नका. काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायचं, ओळखीच्या लेथवाल्याकडून नाही.

परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकताना जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं असतं. पूर्ण पैसे आधी देऊ नका. बयाणा द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कारागिराच्या मोजमापात भिंत २० हजारांश इंचाच्या खाली निघाली तर व्यवहार रद्द आणि बयाणा परत. विकणारा हे लिहून द्यायला तयार नसेल तर बंदूक तिथेच राहू द्या.