कार्डिओ आणि वजनांचा सर्किट व्हिडिओ घरी पहिल्यांदा करताना

कार्डिओ (हृदयाची गती वाढवणारे व्यायाम) आणि वजने एकत्र असलेला सर्किट व्हिडिओ, म्हणजे ठरावीक व्यायाम थोड्या विश्रांतीसह एकामागून एक फेऱ्यांमध्ये करायचा व्हिडिओ, पहिल्यांदा करायचा असेल, तर आदल्या दिवशी तो नुसता बसून शेवटपर्यंत पाहावा. एकूण किती व्यायामप्रकार आहेत, किती फेऱ्या आहेत, ४० सेकंद व्यायाम आणि २० सेकंद विश्रांती असे प्रमाण आहे की दोन्ही ३०-३० सेकंद आहेत, आणि उड्यांनंतर लगेच वजन उचलायचे आहे का, हे आधी ठाऊक असले की ऐनवेळी घाईघाईत डंबेल हिसकून उचलण्याची वेळ येत नाही. बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकणे आणि उडी मारत उठणे), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) किंवा वाकून करायची रोइंग (वजन पोटाकडे ओढणे) यांपैकी जो प्रकार नवा असेल, तो वजन न घेता सावकाश पाच-सहा वेळा करून ठेवावा.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा सांध्यांची जुनी दुखापत असल्यास, तसेच गरोदरपणात, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नये.

सर्वांत जास्त विचार वजन निवडताना करावा लागतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते असे माझे ठाम मत आहे. ताज्या दमाने जे डंबेल सहज पेलते, तेच एक मिनिट जंपिंग जॅक (उडी मारत हात-पाय बाजूला पसरणे आणि मिटणे) केल्यानंतर जड वाटू लागते, कारण श्वास फुललेला असतो, पकड सैल पडते आणि पाठ सरळ ठेवणारे स्नायू थकलेले असतात. म्हणून आधी विश्रांत अवस्थेत एखादे वजन १२ वेळा उचलून पाहावे. शेवटच्या दोन-तीन वेळा जोर लागला, पण शरीराची ढब बिघडली नाही, तर ते वजन योग्य समजावे आणि सर्किटसाठी त्याहून एक पायरी हलके घ्यावे. स्क्वॉटला (खुर्चीत बसल्यासारखे खाली जाऊन उठण्याच्या व्यायामाला) चालणारे वजन खांद्यांवरून वर ढकलण्याच्या व्यायामाला बहुधा जड होते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या वजनांच्या जोड्या जवळ असलेल्या बऱ्या. डंबेल नसतील तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली साधारण एक किलोची होते, आणि पहिल्या आठवड्यासाठी तेवढे वजन कमी नाही.

दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरता येईल एवढी जागा मोकळी करावी, आणि वापरात नसलेली वजने उडी मारण्याच्या जागेपासून दूर भिंतीलगत ठेवावीत. पडदा डोळ्यांच्या पातळीवर असावा, परंतु वाकून रोइंग करताना किंवा प्लँकमध्ये (कोपरांवर वा हातांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ धरताना) असताना मान उचलून त्याकडे पाहू नये. तेव्हा कानांनी सूचना ऐकाव्यात आणि नजर जमिनीवर ठेवावी.

सुरुवातीला पाच ते दहा मिनिटे वॉर्मअप करावा, आणि व्हिडिओत तो नसेल तर जागच्या जागी चालणे, हात फिरवणे व वजनाविना स्क्वॉट यांनी तो स्वतः करून घ्यावा. प्रत्यक्ष फेरीत मात्र व्हिडिओतील व्यक्तीच्या वेगाशी बरोबरी करू नये. अशा सर्किटमध्ये मोजमाप वेळेचे असते, संख्येचे नसते. तिने ४० सेकंदांत १८ स्क्वॉट केले आणि तुमचे नीट केलेले ११ झाले, तरी तुमचा व्यायाम पूर्णच झाला. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण विभागातील मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी सर्किट पद्धतीची आखणी केली, तेव्हाही प्रत्येकाने आपापल्या कुवतीनुसार भार घ्यावा हाच तिचा पाया होता.

जोर लावताना श्वास सोडावा आणि वजन परत आणताना घ्यावा. श्वास रोखून उचलल्याने रक्तदाब एकाएकी चढतो, आणि धाप लागलेली असताना नेमका तोच मोह होतो. व्यायामाची तीव्रता बोलून तपासता येते: मध्यम तीव्रतेला वाक्ये बोलता येतात पण गाता येत नाही, तर जोरकस व्यायामात दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो. एक शब्दही निघत नसेल, तर व्हिडिओ थांबवावा. ते बटण त्यासाठीच आहे. उड्या गुडघ्यांना सोसत नसतील, तर जंपिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकावा, बर्पीत उडी न मारता पाय एकामागून एक मागे न्यावेत. कंबर गोल होऊ लागली, गुडघे आत वळू लागले किंवा झोके देऊन वजन वर न्यावे लागले, की ते वजन खाली ठेवून उरलेले सेकंद रिकाम्या हातांनी पुरे करावेत. छातीत दुखणे, चक्कर किंवा सांध्यात तीव्र कळ जाणवली, तर तिथेच थांबावे, आणि छातीतील दुखण्यासाठी तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

शेवटची फेरी संपताच खाली बसू नये. रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते, म्हणून तीन-चार मिनिटे सावकाश चालावे आणि मगच ताणाचे व्यायाम करावेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू अधिक दुखतात, हे नव्या श्रमाचे नेहमीचे लक्षण आहे. मात्र लघवीचा रंग गडद तपकिरी झाला किंवा स्नायू सुजून अतिशय दुखू लागले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून, हा व्यायाम करावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवते. उरलेली मिनिटे मधल्या दिवशी भरभर चालून भरून काढता येतात. व्हिडिओत तीन फेऱ्या असल्या, तरी पहिल्या वेळी एकच करावी, ती ढब न बिघडता पार पडू लागली की दुसरी जोडावी, आणि सर्व फेऱ्या सलग दोन वेळा नीट झाल्यावरच वजन वाढवावे, तेही एका वेळी एकाच व्यायामप्रकाराचे.