पेठेतली फुटबॉल लीग भरवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरची के.एस.ए.ची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग बघून पेठेतल्या मंडळांनाही सेव्हन-अ-साइड बाद पद्धतीऐवजी साखळीने, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा, खेळवावीशी वाटते. कल्पना चांगलीच. पण आधी संघ घेऊन मग मैदान मोजलं की गणित फसतं. आठ संघांच्या मॅच होतात 28, दहाच्या 45. 20-20 मिनिटांचा खेळ, मध्यंतर आणि नेहमीचा उशीर धरून एका मॅचला तास जातो. रविवारी चार मॅच धरल्या तर आठ संघ सात रविवारांत उरकतात, दहांना बारा लागतात. तेवढ्यात दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, मग वळीव. आठावर थांबा, दोन रविवार राखून ठेवा. भर उन्हातली दुपारी दोनची मॅच कुणालाच दोनपेक्षा जास्त वेळा देऊ नका.

अकरा संघांचे चार-चार-तीन गट पाडून ‘सर्वांत चांगला दुसरा’ पुढे नेणं हा सरळ अन्याय. तीनच्या गटात दोनच मॅच, चारच्या गटात तीन. असं करावंच लागलं, तर चारच्या गटांतल्या दुसऱ्या संघाचा तळाच्या संघाविरुद्धचा निकाल वगळून तुलना करा.

खरी भांडणं समान गुणांवरून होतात. गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) पहिला ठेवला की दुबळ्या संघाला आठ-नऊ गोल मारायची चढाओढ लागते, आणि तो संघ पुढच्या रविवारी येतच नाही. हौशी लीगमध्ये आधी आपसातली मॅच बघा, तिघे अडकले तर त्या तिघांपुरताच गुणतक्ता मांडा, त्यानंतर गोलफरक. संघ मध्येच बाहेर पडला आणि त्याच्या सातपैकी तीन किंवा कमीच मॅच झाल्या असतील, तर त्याचे सगळे निकाल रद्द. चार झाल्या असतील तर उरलेल्या मॅच प्रतिस्पर्ध्यांना 3-0. हे सगळं चिठ्ठ्या टाकण्याआधी लिहून प्रत्येक कॅप्टनची सही घ्या; नंतर केलेला नियम कुणाच्या तरी बाजूचाच वाटतो.

शेवटची फेरी एकामागून एक खेळवू नका. 1982च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जीरियाची गटातली शेवटची मॅच आदल्या दिवशीच संपली होती. पश्चिम जर्मनीच्या 1-0 विजयाने दोन्ही संघ पुढे जातात हे ऑस्ट्रियालाही ठाऊक होतं. निकाल तोच लागला, अल्जीरिया बाहेर. 1986पासून गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी होतात. मैदान एकच असेल तर ते आडवं विभागा: 100 बाय 60 मीटरमध्ये 60 बाय 47ची दोन मैदानं बसतात, मध्ये सहा मीटर मोकळे राहतात. ज्या दोन मॅचवर पुढचं ठरणार, त्या एकाच वेळी लावा. गोलपोस्टची जादा जोडी आणि दुसरा पंच आधीच ठरवा, आणि दोन्ही पंचांच्या शिट्ट्या वेगळ्या आवाजाच्या घ्या, नाहीतर शेजारच्या फाऊलवर इकडचे खेळाडू थांबतात.