मांजर-कुत्र्याची ॲलर्जी आहे, पण त्यांना घरातून काढायचं नाही? मग हे करून बघा

तपासणीचा अहवाल वाचून डॉक्टर म्हणाले, "मांजर कुणाला तरी देऊन टाका." आमची मनी तेव्हा नऊ वर्षांची होती. घरी आले तर ती नेहमीसारखी दाराशी बसलेली. मी खाली वाकले, तिला उचललं आणि लगेच पाच शिंका आल्या.

डॉक्टर चुकीचं बोलले नव्हते. प्राणी घरातून गेला की त्रास कमी होतो, हे खरंच आहे. पण ज्याला दमा नाही किंवा ज्याचा दमा औषधांनी आटोक्यात आहे, त्याच्यापुढे तेवढा एकच मार्ग नसतो. फक्त एका उपायावर भिस्त ठेवून चालत नाही. एखादी गोष्ट थोडा फरक पाडते, दुसरी आणखी थोडा, आणि चार-पाच गोष्टी एकत्र केल्या की रात्री शांत झोप लागते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. प्राणी जवळ आला की छातीत घरघर होते, धाप लागते किंवा रात्री खोकल्याने जाग येते, असं होत असेल तर खालचं काहीही करून बघण्याआधी डॉक्टरांकडे जा.

पायरी १ : ॲलर्जी नक्की कशाची, ते शोधा

घरात कुत्रा आहे आणि नाक गळतंय, म्हणजे कुत्र्याचीच ॲलर्जी, असं आपण गृहीत धरतो. पण कुत्रा बाहेर फिरून येताना अंगावर परागकण घेऊन येतो, आणि गादीत धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) असतातच. दोष भलत्याचाच निघू शकतो, म्हणून तपासणी करून घ्या. त्वचेच्या चाचणीत हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकंसं टोचतात. ज्याची ॲलर्जी असेल तिथे १५ ते २० मिनिटांत डास चावल्यासारखा फुगवटा येतो. सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्यांमुळे हा निकाल चुकतो, त्यामुळे त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते आधीच विचारा. गोळी थांबवणं जमत नसेल तर रक्ताची चाचणीही होते.

कुत्रा असेल तर आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. कुत्र्याच्या ॲलर्जीला कारण ठरणाऱ्या प्रथिनांपैकी 'कॅन एफ ५' हे नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही जणांना फक्त त्याचीच ॲलर्जी असते, आणि अशांना मादी कुत्री सहसा त्रास देत नाही. रक्ताच्या चाचणीत हे वेगळं तपासता येतं.

"प्राण्याला आठवडाभर दुसरीकडे ठेवून बघू" हा प्रयोग मात्र करू नका. मांजर घरातून गेल्यावरही तिची ॲलर्जीकारक प्रथिनं चार ते सहा महिने घरात टिकतात. आठवड्याने काहीच फरक दिसणार नाही आणि तुम्ही मांजराला उगाच निर्दोष ठरवाल.

पायरी २ : केसांच्या मागे लागू नका

त्रास केसांचा नसतो. मांजराची लाळ आणि त्वचेतल्या तेलग्रंथी यांत 'फेल डी १' नावाचं प्रथिन तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ अंगावर वाळते आणि कोंड्याबरोबर हवेत उडते. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास तरंगत राहतात, आणि इतके चिकट की कपड्यांवरून दुसऱ्यांच्या घरी पोचतात. जिथे कधी मांजर आलेलं नाही अशा शाळांच्या वर्गांतही ते सापडले आहेत.

म्हणूनच "या जातीची ॲलर्जी होत नाही" या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 'ॲलर्जी न करणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या कुत्र्यांची घरं आणि इतर कुत्र्यांची घरं तपासली, तर धुळीतल्या ॲलर्जीकारक प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. बिनकेसाच्या मांजरातही हे प्रथिन असतंच. खरा फरक एकेका प्राण्यात असतो. त्यामुळे नवा प्राणी आणायचा विचार असेल तर त्याच प्राण्याबरोबर, बंद खोलीत, तीन-चार वेळा तासभर बसून बघा. अंगणातल्या पाच मिनिटांच्या भेटीतून काहीच कळत नाही.

पायरी ३ : झोपायची खोली प्राण्यासाठी बंद

यादीतली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. दिवसाचे सात-आठ तास आपण त्या खोलीत असतो, नाक उशीत खुपसून. तिथली हवा स्वच्छ राहिली तर शरीराला रोज तेवढी विश्रांती मिळते.

बंद म्हणजे पूर्ण बंद. "दिवसा येऊ दे, रात्री बाहेर काढू" याला अर्थ नाही, कारण कोंडा गादीवरच राहतो. पहिल्या दिवशी चादरी, अभ्रे, पांघरुणं, पडदे सगळं धुऊन काढा. गादी आणि उशांना घट्ट विणीची, चेन असलेली ॲलर्जीरोधक कव्हरं घाला. कारण आधीच मुरलेलं काही धुण्याने निघत नाही. चादरी दर आठवड्याला बदला. प्राण्याला मांडीवर घेतलेले कपडे खोलीत आणू नका, ते बाहेरच बदला.

ही पायरी मनाला लागते, हे मला ठाऊक आहे. मनी पहिले चार दिवस दार ओरबाडत होती आणि मी आत रडत होते. तिच्यासाठी बाहेर उबदार कोपऱ्यात अंथरूण केलं, माझी एक जुनी शाल त्यावर टाकली आणि झोपण्याआधी तिच्याशी वीस मिनिटं खेळायचं ठरवलं. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून तिथे जाऊन झोपायला लागली. दार ओरबाडलं की उघडायचं, असं एकदा जरी झालं तरी मांजर ते विसरत नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा.

पायरी ४ : घरातलं कापड कमी करा, मग हवेकडे बघा

गालिचा, कापडी सोफा आणि जाड पडदे ही कोंड्याची कोठारं. गालिचा काढता आला तर काढाच. फरशीवरचा कोंडा ओल्या फडक्याने निघतो, गालिच्यातला निघत नाही. केरसुणी कोंडा हवेत उडवते, म्हणून रोज ओलं पुसणं बरं. व्हॅक्यूम क्लीनर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा असावा, आणि तो शक्यतो ॲलर्जी नसलेल्या माणसाने फिरवावा. तुम्हालाच फिरवावा लागत असेल तर मास्क लावा.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातही हेपा फिल्टरच बघा. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण जो कोंडा गादीत बसलाय तो यंत्राकडे चालत येत नाही. म्हणून आधी पायरी ३, मग यंत्र, आणि तेही झोपायच्या खोलीत.

पायरी ५ : प्राण्याची निगा

कुत्र्याला आंघोळ घातल्याने त्याच्या अंगावरचं ॲलर्जीकारक प्रथिन कमी होतं, पण काही दिवसांत पुन्हा पहिल्याइतकं होतं. फरक टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा आंघोळ हवी. त्वचेला ते सोसेल का आणि कोणता शाम्पू वापरायचा, हे पशुवैद्यांना विचारून ठरवा. मांजराला मात्र आंघोळीसाठी छळू नका. तिला होणारा त्रास मोठा आणि मिळणारा फायदा दोन-चार दिवसांचा.

केस विंचरायचं आणि मातीचा ट्रे साफ करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. विंचरणं शक्यतो घराबाहेर. नसबंदी न केलेल्या बोक्यात फेल डी १ जास्त असतं, नसबंदीनंतर ते कमी होतं. अंड्यातली विशिष्ट प्रतिपिंडं मिसळलेलं मांजरांचं खाद्यही आता मिळतं. ती लाळेतल्या फेल डी १ ला निष्प्रभ करतात. उत्पादकांच्या अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून मांजराच्या केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्के कमी झालं. निम्मं तरीही उरतंच, पण बाकीच्या उपायांच्या जोडीला ही मदत लहान नाही.

लाड करून झाले की हात धुवा, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.

पायरी ६ : औषध नीट घ्या

सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या शिंका आणि खाज थांबवतात. सेटिरिझिनने काहींना झोप येते. बंद नाकावर गोळ्यांपेक्षा स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त चालतो. पुष्कळ जण तो दोन दिवस मारून "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि तो रोज घ्यावा लागतो.

मारायची पद्धतही असते. मान किंचित पुढे झुकवा. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, कानाच्या दिशेने हवं. जोरात ओढू नका, औषध घशात जातं. पडद्यावर रोज फवारा बसला तर नाकातून रक्त येऊ शकतं, आणि काहींचा स्प्रे तिथेच सुटतो.

झटपट नाक मोकळं करणारे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिकच बंद होतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट कधीही नाही.

पायरी ७ : इम्युनोथेरपीचा विचार

सगळं करूनही भागत नसेल तर ॲलर्जीतज्ज्ञांना याबद्दल विचारा. ज्याची ॲलर्जी त्याचीच अगदी थोडी मात्रा द्यायची आणि ती हळूहळू वाढवत शरीराला सवय लावायची, ही कल्पना जुनी आहे. १९११ मध्ये लंडनच्या लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. आज हा उपचार तीन ते पाच वर्षं चालतो. मांजराच्या बाबतीत त्याचे पुरावे चांगले आहेत, कुत्र्याच्या बाबतीत कमी. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं असतं, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते. दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार करत नाहीत.

पायरी ८ : कधी थांबायचं

औषधं नियमित घेऊनही दम्याचे झटके येत असतील, इन्हेलर पुन्हा पुन्हा लागत असेल किंवा घरातल्या लहान मुलाचा श्वास अडकत असेल, तर प्राण्यासाठी दुसरं घर शोधा. पक्षी पाळणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना सूज येते. सततचा कोरडा खोकला आणि चालताना लागणारा दम याला सर्दी समजून महिनोन्‌महिने काढू नका.

घर शोधताना ओळखीच्यांपासून सुरुवात करा. प्राण्याचं अंथरूण, आवडतं खेळणं, लसीकरणाचं कार्ड आणि काही दिवसांचं नेहमीचं खाणं त्याच्याबरोबर द्या. रस्त्यावर सोडून देऊ नका, घरात वाढलेला जीव तिथे तगत नाही. आणि तो गेल्यावर लगेच औषधं बंद करू नका. गाद्या, सोफा, पडदे, भिंती सगळं धुऊन-पुसून घेतलं तरी पुढचे काही महिने तो कोंडा घरात असणारच आहे.