पणजोबांची नोंद शोधताय? आधी या चुका टाळा, पैसे आणि चकरा दोन्ही वाचतील

पुतणीच्या कास्ट व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्यासाठी, पणजोबांची जुनी नोंद पाहिजे होती म्हणून मी शोधायला लागलो, आणि त्या एका नोंदीसाठी 11 चकरा झाल्या. सरकारी फी सगळी मिळून 500 च्या आत बसली. पण एसटीचं भाडं, बुडालेल्या रजा, मोडी (जुनी मराठी लिपी) वाचणाऱ्याचे पैसे, एका एजंटला दिलेले 3 हजार (ते गेलेच) असं सगळं धरलं तर आकडा 20 हजारांच्या पुढे गेला. यातल्या निम्म्या चकरा मला आधी कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर झाल्याच नसत्या, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आडनाव आणि आजोबांचं नाव घेऊन थेट तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जाणं. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात (गाव नमुना 14), बऱ्याच ठिकाणी आडनावच नसतं. "राणू वल्द बाळा" किंवा "राणू बिन बाळा" एवढंच, म्हणजे बाळाचा मुलगा राणू. बाईचं असेल तर "सखू कोम राणू" किंवा "सखू मर्द राणू", म्हणजे राणूची बायको. आणि जन्माच्या नोंदीत कित्येकदा बाळाचं नावच लिहिलेलं नसतं, कारण कोतवाल नोंद देतो तेव्हा बारसं झालेलंच नसायचं, फक्त "मुलगा" आणि बापाचं नाव, जात, तारीख. मी आजोबांच्या नावाने अर्ज केला, नोंद नाही म्हणून उत्तर आलं, परत अर्ज केला, परत तेच. तिसऱ्या चकरेला तिथल्याच एका शिपाईकाकांनी सांगितलं की बापाच्या नावाने बघा, पोराचं नाव तुम्हाला इथे सापडणार नाही. नोंद होती, मीच चुकीचं नाव शोधत होतो.

त्यातही बापाचं कोणतं नाव? घरात ज्यांना आपण नाना, आबा, तात्या म्हणतो त्यांचं कागदावरचं नाव नातवंडांना माहीतच नसतं. आणि आधीची मुलं जगली नसतील तर पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचे, मग शाळेत घालताना मास्तर दुसरंच नाव लिहायचे, त्यामुळे एकाच माणसाची तीन नावं तीन रजिस्टरात असू शकतात. म्हणून ऑफिसला जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ दोन दिवस बसा, वही घेऊन. सगळी नावं, टोपणनावं, कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाच्या मागे गेलं, दुष्काळात गेलं की प्लेगात गेलं, मूळ गाव कोणतं, कोण दत्तक गेलं. वंशावळ आधी कच्ची काढा. याला एक पैसा लागत नाही आणि लोक नेमकं हेच शेवटी करतात.

गाव कळलं तरी ते तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं हे बघा. 1949 ते 1960 सांगलीला दक्षिण सातारा म्हणायचे. सिंधुदुर्ग आणि जालना 1981 चे, लातूर आणि गडचिरोली 1982 चे, नंदुरबार आणि वाशिम 1998 चे, पालघर 2014 चा. तालुके पण फुटलेत. नवीन तहसीलला जुनी रजिस्टरं आलेली असतात किंवा मूळ ठिकाणीच पडलेली असतात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथले जुने कागद कित्येकदा उर्दूत निघतात, मग नुसता मोडीवाला शोधून काय उपयोग?

रजिस्टरं नेमकी कुठे आहेत हे फोनवर कळत नाही, आणि इथेच माहिती अधिकार कामाला येतो. लोक आरटीआयमध्ये "माझ्या पणजोबांची नोंद द्या" असं लिहितात आणि "अशी नोंद आढळून येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर घेऊन बसतात. तसं नका लिहू. असं विचारा: अमुक गावाची गाव नमुना 14 ची रजिस्टरं कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत उपलब्ध आहेत, कोणत्या कार्यालयात आहेत, आणि ती बघायला मिळावीत. अर्जाची फी 10 रुपये, झेरॉक्स पानाला 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, दोन गावं दोन विषय एकत्र केले की परत येतो. मी हे सातव्या चकरेनंतर केलं, पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं.

सालाचा गोंधळ वेगळाच. जुन्या कागदावर शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590 मिळवा, म्हणजे फसली 1310 हे साधारण 1900-01. वर्ष मध्येच बदलतं म्हणून पुढचं मागचं एकेक साल पण चाळा. वतन किंवा इनामाचा अजून जुना कागद असेल तर साल अरबी शब्दांत असतं, "अर्बा सबैन मया व अलफ" म्हणजे 1174, त्यात 599 मिळवले की 1773-74.

मोडीवर पैसे घालवताना थांबून विचार करा. मी मोबाईलवर तिरके फोटो काढले, व्हॉट्सॅपवर तिघांना पाठवले, तिघांनी एकच शब्द तीन प्रकारे वाचला आणि पैसे तिघांनाही द्यावे लागले. त्यापेक्षा जाणकाराला एक दिवस सोबत न्या, मूळ पानावरच वाचू द्या, आणि वंशावळ त्याच्या हातात द्या म्हणजे नावं जुळवता येतात. कागद पडताळणी समितीला द्यायचा असेल तर त्यांच्याकडे कोणाचं लिप्यंतर चालतं ते आधी विचारा, नाहीतर तेच काम परत पैसे देऊन करावं लागतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, घरातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराने शिकून घेतलं तर फार बरं.

आणि साधी झेरॉक्स घेऊन घरी येऊ नका, सही शिक्क्याची खरी नक्कल मागा. मी एकदा नुसती झेरॉक्स घेऊन आलो आणि त्या एका शिक्क्यासाठी 140 किलोमीटर परत गेलो.

व्हॅलिडिटीसाठी शोधणाऱ्यांनी तारीख पाठ करा: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967. त्यानंतरचे दहा कागद जमवण्यापेक्षा आधीचा एक मिळवा. वडिलांच्या दाखल्यावर अडू नका, आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा, शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. आणि जातीच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी बाहेर टेबल टाकून बसलेले लोक स्टॅम्प पेपर घ्यायलाच लावतात.

एजंटबद्दल कळकळीने सांगतो. "नोंद नसली तरी काढून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जुन्या पानावर नव्या शाईने घातलेली ओळ समितीच्या दक्षता पथकाला दिसते, दाखला रद्द होतो, गुन्हा नोंदवला जातो, आणि भोगायला मागे पोरगी राहते.

वंशावळ शोधायच्या परदेशी वेबसाइटचं महागडं सबस्क्रिप्शन घेऊ नका, खेड्यातल्या मराठी घराचं तिथे फार काही निघत नाही, आणि त्यातली फॅमिलीसर्च ही साइट तर फुकटच आहे.

त्यापेक्षा त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यांच्या, यजमान घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्या बघा, कोल्हापूर सांगलीकडचे असाल तर गावात येणाऱ्या हेळव्याला विचारा, ते पिढ्यान् पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत आलेत. समिती याला एकटा पुरावा धरेलच असं नाही, पण नावांचा धागा तिथे मिळतो. दक्षिणा किती ते आधी बोलून घ्या.

मला शेवटी पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली, कारणाच्या रकान्यात "ताप", बाजूला जात. पुतणीचं काम झालं. पण त्याच पानाच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, खालच्या चार ओळी गेल्यात, त्या चार घरांच्या पोरांनी आता कुठे जायचं? ही रजिस्टरं लवकर स्कॅन व्हायला पाहिजेत, सगळ्या गावांची.

आता आजीची बाजू राहिलीये. लग्नात नाव बदललं की बाई नोंदीतून गायबच होते. तिचं माहेरचं नाव आमच्यात फक्त आत्याला आठवतं आणि आत्या 84 ची आहे, म्हणून या रविवारी वही घेऊन आधी तिच्याकडे जाणार, रेकॉर्ड रूमचं नंतर बघू.