गुडघा पुढून दुखायचा: स्वस्तातलं बाइक फिटिंग कसं निवडलं

सायकलवर पुण्याजवळचं खडकवासला ओलांडून डोणजे गाव आलं की उजवा गुडघा वाटीपाशी ठणकायचा. जेलचं सीट कव्हर, नी-कॅप, महिनाभर विश्रांती, सगळं झालं. एका दुकानात ‘फिटिंग’ म्हणून, म्हणजे सायकल अंगाला जुळवायची म्हणून, नुसती उंची विचारली आणि सीट आणखी खाली केली. वैतागून सायकल विकायला काढली होती.

मग तीन ठिकाणी फोनवर एवढंच विचारलं: सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावून पेडल मारताना बघता का? जांघेपासून टाचेपर्यंत पाय मोजता का? दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे वेगळे पैसे? नीट उत्तरं देणाराच स्वस्त निघाला, अडीच हजार. थ्री-डी कॅमेरे नव्हते. माझ्या दुखण्याला ते लागलेही नाहीत.

आधी क्लीट (बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) तपासले. मग पाय मोजला: ८० सेंमी. गुणिले ०.८८३, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटपर्यंत साधारण ७०.६. माझी होती ६८! दहा मिनिटं पेडल मारून थांबलो, पेडल तळाला ठेवलं, गुडघ्याचा कोन, म्हणजे सरळ पायापासून तो किती वाकतो ते, मोजला: ४२ अंश. हवा २५ ते ३५. सीट एकदम नाही, थोडी थोडी, दर वेळी कोन बघत २२ मिमी वर. कोन ३३. त्यानंतर सीट पुढे-मागे, हँडल शेवटी. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) टेपची खूण केली.

पहिला आठवडा २० किमीच्या आतच चालवली. तिसऱ्या रविवारी डोणज्यात थांबावं लागलं नाही.