ग्रामीण रुग्णालयाची रात्रीची सेवा बंद पडली, तर जाब कुणाला आणि कसा विचारायचा

ग्रामीण रुग्णालयातली रात्रीची तातडीची सेवा सहसा कुणी आदेश काढून बंद करत नाही. भूलतज्ज्ञ प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर दुसरीकडे जातात, बदलीच्या जागी कुणी येत नाही आणि हळूहळू बाळंतीण असो की सर्पदंश, ‘जिल्ह्याला न्या’ एवढंच ऐकू येतं. बंदचा आदेशच नसल्यामुळे ‘सेवा चालू आहे’ असं सांगणं पुढाऱ्यांना सोपं जातं. त्यामुळे हातात कागद असल्याशिवाय भेटायला जाऊ नका.

आधी दार ओळखा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखालचं. त्याबद्दल जिल्हा परिषद सदस्याकडे खेटे घालून काही होत नाही. जाब आमदारांना आणि आरोग्यमंत्र्यांना विचारायचा.

मग रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज द्या. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘डॉक्टर का नाहीत?’ असं विचारलंत तर अर्ज वाया जातो, कारण या कायद्याने दप्तरात असलेले कागद मिळतात, खुलासे नाहीत. पहिल्या अर्जात मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, प्रतिनियुक्तीचे आदेश आणि 6 महिन्यांचे ड्युटी चार्ट मागा. दुसऱ्यात रेफर रजिस्टरच्या, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांच्या नोंदवहीच्या प्रती, रुग्णांची नावं झाकून. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

खरं काम रजिस्टर हातात आल्यावर सुरू होतं. रात्री 8 ते सकाळी 8 च्या नोंदी वेगळ्या काढा. कारणाच्या रकान्यात ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत’ पुन्हा पुन्हा दिसलं, तर याहून मोठा पुरावा नाही. नुसतंच ‘पुढील उपचारासाठी’ लिहिलेलं असेल, तर त्या तारखेचा ड्युटी चार्ट शेजारी ठेवा. आठवड्याचे तास 168. दोनच डॉक्टर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 84 येतात. अशा माणसावर ओरडू नका. त्याच्या जोडीचं पद ज्यांनी भरलं नाही, दोष त्यांचा.

आता आमदारांना एक पानी निवेदन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ‘लक्ष घाला’ असं मोघम लिहू नका. येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) विचारा अशी मागणी करा आणि प्रश्नही लिहून द्या: पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, प्रतिनियुक्ती कुणाच्या सहीने झाली, ती कधी रद्द होणार? मंत्र्यांचं उत्तर सभागृहाच्या नोंदीत राहतं. निवेदन अधिवेशनाच्या पुष्कळ आधी द्या, नाहीतर आमदारांनी प्रश्नाची सूचना देण्याची मुदत उलटते. पैसा नाही असं सांगितलं, तर पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यातला 1996 चा निकाल पुढे ठेवा: तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि तिथे निधीची सबब चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

श्रेणीवर्धनाच्या घोषणेला भुलू नका. 30 खाटांचं रुग्णालय 50 खाटांचं झालं, इमारत उभी राहिली, तरी पदनिर्मितीचा शासन निर्णय निघाल्याशिवाय नवा डॉक्टर येत नाही. त्या निर्णयाची प्रत मागा.

आणि हे चालू असताना आज रात्रीच कुणाला परत पाठवलं, तर 108 ला फोन करा, पण तेवढ्यावरच थांबू नका. रुग्णाची वेळ, कारण आणि डॉक्टरांची सही असलेली रेफर चिठ्ठी घ्या, गाडी हलण्यापूर्वी तिचा फोटो काढा.