नेक टेन्शन सारखं ठेवायचं टेन्शन

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, हे सगळं इथे टेक्सासमध्ये बसून लिहितोय, इथे घरच्या गॅरेजमध्ये रीलोडिंग, म्हणजे उडवलेल्या काडतुसाची पितळी केस परत भरणं, चालतं. भारतात राउंड (काडतूस) बनवणं आर्म्स अॅक्ट १९५९ खाली लायसन्सशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या कोणी हे वाचून प्रेस (केस भरायचं दांड्याचं यंत्र) मागवू नका. आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल शूटिंगचं ब्रॉन्झ आणलं ती .२२ रिमफायर, म्हणजे पेटवायचा मसाला केसच्या कडेतच असलेली, तिची केस परत भरताच येत नाही, म्हणजे हा प्रश्नच नाही.

तर नेक टेन्शन म्हणजे केसच्या नेकनं (वरच्या अरुंद तोंडानं) बुलेट किती घट्ट धरलीय ते. पकड थेट मोजता येत नाही म्हणून आपण माप मोजतो, बुलेट बसवलेल्या नेकचा बाहेरचा व्यास वजा बुलेट बसवायच्या आधीचा. बोल्ट अॅक्शनला (दर वेळी हातानं बोल्ट ओढायच्या रायफलला) साधारण २ थाऊ म्हणजे ०.००२ इंच पुरतं, सेमी ऑटोला (पुढचा राउंड आपोआप भरणारीला) ३ ठेवतात कारण तिथे राउंड जोरात आपटत चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या खोबणीत, जातो, आणि बुलेट आत सरकली तर प्रेशर वाढतं, ते डेंजरस आहे.

माझ्या .३०८ रायफलचं उदाहरण घ्या. भरलेल्या राउंडची नेक ०.३३६ भरते, म्हणून बुशिंग, म्हणजे डायमधली (केसला आकार देणाऱ्या साच्यातली) नेक बाहेरून दाबणारी कडी, ०.३३४ चं. पण पितळ थोडं परत उलगडतं, सायझिंग (नेक दाबून मापात आणणं) झाल्यावर नेक अर्धा एक थाऊ मोठी दिसू शकते, तसं झालं तर एक नंबर लहान बुशिंग. मापाला मायक्रोमीटर वापरा, साध्या कॅलिपरवर एका थाऊची खात्री धरू नका. आणि प्रत्येक कंपनीच्या ब्रासची जाडी वेगळी असते, माझा नंबर कॉपी करू नका.

बुशिंग बाहेरून दाबतं, मग नेकच्या जाडीतला फरक सगळा आत जातो, जिथे बुलेट बसणार तिथेच! म्हणून मी बुशिंग अजून एक-दोन नंबर लहान घेतो आणि नंतर ०.३०६ चा मॅन्ड्रेल (गुळगुळीत गोल दांडा) आतून घालतो, तो फरक बाहेर ढकलला जातो. इथे उलटं होतं, पितळ किंचित परत आवळतं. डायमधला एक्सपांडर बॉल (नेक आतून फाकवणारा गोळा) मी काढून टाकलाय, तो बाहेर येताना नेक ओढतो आणि कधी कधी वाकडी करतो.

आता खरी गोम. लोक बुशिंगवर पैसे घालतात आणि एकाच डब्यात दोनदा उडवलेली आणि सात वेळा उडवलेली केस एकत्र ठेवतात. तार पुढेमागे वाकवली की कशी कडक होते, तसंच नेकचं होतं, दर वेळी फुगते, दर वेळी दाबली जाते. माप सेम दिसेल पण पकड सेम नसते. म्हणून एका लॉटची, तितक्याच वेळा उडवलेली केस एकत्र ठेवायची आणि अॅनीलिंग (तापवून पितळ परत मऊ करणं) करायचं, दर वेळी किंवा ठरवून दर तीन वेळांनी, पण सगळ्यांना एकदमच. उष्णता फक्त नेक आणि शोल्डरला (नेकखालच्या उताराला), केसचा खालचा भाग तापून मऊ पडला तर ती केस सरळ फेकून द्या, तिथे काटकसर नको.

दुसरी चूक माझीच. स्टीलच्या पिनांमध्ये धुवून केस आतून अशी लख्ख केली की सीटिंग करताना, म्हणजे नेकमध्ये बसवताना, बुलेट करकर करत अडकायला लागल्या. नेकमधली थोडी काजळी खरं तर वंगणाचं काम करते. आता मी आतून फक्त नायलॉन ब्रश फिरवतो, आणि चुकून जास्तच स्वच्छ झाल्या तर कोरडं ग्रॅफाइट लावतो. तोंडाला आतून हलका चॅम्फर (तिरकी घासलेली कड) हवाच, नाहीतर बुलेट खरवडली जाते.

जास्त आवळलं की जास्त पकड, असंही नाही हां, नेक म्हणजे पायजम्याची नाडी नाही. एका मर्यादेपुढे बुलेटच नेकला ताणून मोठी करते. बुशिंग बदललं की पावडर परत कमी पासून सुरू करून मॅन्युअलप्रमाणे वर या.

शेवटची परीक्षा हाताची. प्रेसचा दांडा हळू दाबायचा आणि लक्ष ठेवायचं, जी बुलेट लोण्यासारखी गेली किंवा जिला जोर लागला तो राउंड बाजूला. त्यातला ढिला वाटणारा टेबलावर टोक टेकवून हातानं दाबून बघा, बुलेट हलली तर ती काढून तो राउंड सुटा करायचा. बाकीचे मी वेगळ्या डब्यात टाकतो आणि बॅरल साफ केल्यावरचे पहिले दोन-तीन शॉट त्यातलेच मारतो.